रथसप्तमीचे पान

माघ लागला की आमच्या अलिबाग तालुक्यातील शेतांना दुसरा जन्म येतो. भात केव्हाच झोडून घरी आलेले असते, पेंढ्याच्या उडव्या उभ्या राहिलेल्या असतात. आणि मालकाने पाठ फिरवलेल्या त्याच जमिनीत, मागे राहिलेल्या ओलाव्याच्या जोरावर, वालाचे वेल मुकाट्याने हातपाय पसरतात. कुणी पाणी घालीत नाही, कुणी मशागत करीत नाही. एके दिवशी सकाळी जमिनीकडून मतलई वारा सुटतो आणि त्याच्याबरोबर शेंगांचा हिरवट, किंचित कडसर वास गावात शिरतो. तो कचेरीच्या आवारात येतो, पोस्टाच्या खिडकीत येतो, वकिलांच्या खोलीतल्या जुन्या कागदांनाही लागतो.

या महिन्यात मी बहुधा रागावलेला असतो. यंदाही लोकल बोर्डाला रस्त्यासंबंधी दोन पत्रे गेली, रेवसच्या बोटीच्या वेळेसंबंधी एक गेले, आणि टपाल उशिरा मिळते याबद्दलचे पत्र टपालानेच पाठवावे लागले याचा संताप वेगळा. वकिली सोडली तरी तक्रार करण्याचा नागरिकाचा हक्क कोणी काढून घेतलेला नाही. परंतु बारा-तेरा वर्षांपूर्वीच्या एका माघाचा राग माझ्यापाशी तसाच पडून आहे. तो कोणाच्या पत्त्यावर पाठवावा हे मला पुष्कळ दिवस ठरवता येत नव्हते, कारण पत्ता माझाच होता.

त्या हिवाळ्यात आमच्या पडवीत दर शनिवारी दुपारी वाल सोलले जात. नवे वाल येऊ घातले की गेल्या सालचे संपवायचे, म्हणून घरोघरी भिजवलेल्या, मोड आलेल्या वालांची भांडी निघतात. कोमट पाण्यात हात घालून एकेक दाणा दोन बोटांत दाबायचा. साल मागे राहते आणि डाळिंबी टपकन परातीत पडते. हे काम हातांचे आहे, कानांचे नाही. त्यामुळे कान मोकळे असतात. माझी पत्नी त्या मोकळ्या कानांची सोय करीत असे. शनिवारी गावातले साप्ताहिक येई, आणि त्यात क्रमशः प्रसिद्ध होणारी एक ऐतिहासिक कादंबरी ती मोठ्याने वाचून दाखवी. कादंबरीचे नाव ‘दर्याची सून, अथवा सरदारकन्येचे साहस’. लेखकाने टोपणनाव घेतले होते. आरमारातल्या एका सरदाराची कन्या इंदुमती हिचे मन बापाच्याच गलबतावरील सुकाणूधारक रायाजी याच्यावर जडते, अशी ती हकिगत होती.

मी आतल्या खोलीत दावे वाचीत असे. भिंतीपलीकडून चंद्रप्रकाश, निःश्वास आणि शेजारच्या गोदूताईंचे प्रश्न अखंड ऐकू येत.

“थांबा हो वैनी, त्या रायाजीनं हात धरला की नाही तिचा?”

“धरतोय कसला! तीन आठवडे झाले, सुकाणूच धरून बसलाय मेला.”

“सोडलं तर बुडतील ना दोघं.”

“बुडू देत. पण एकदाचा धरू दे.”

मग हसू फुटे आणि वाल परातीबाहेर उडत. शेजारघरची एक आजारी सूनही खाटेवरून उठून येऊन भिंतीला टेकून बसू लागली होती. तिच्या सासूने वैद्याऐवजी कादंबरीकाराचे आभार मानले पाहिजेत, असे माझी पत्नी म्हणे. मला हा सगळा प्रकार पोरकट वाटे. माझे मत असे की भूतकाळ हा दप्तरात असतो. जे दप्तरात नाही ते घडलेले नाही.

अशाच एका सोमवारी किहीमचे सरदार दौलतराव सारंगे यांची मोटार लाल धुळीचा लोट घेऊन आमच्या दाराशी उभी राहिली. हे घराणे माझे पक्षकार. किहीमच्या नारळीबागेत त्यांचा नवा बंगला होता, अंगणात एक जुनी तोफ होती आणि तोफेशेजारी चिंच. सरदारसाहेब मनाने उमदे, पण त्या वर्षी एका चिंतेने पोखरलेले होते. गव्हर्नरसाहेबांच्या दरबारात घराण्याला खुर्ची मिळावी म्हणून त्यांनी अर्ज केला होता आणि वंशावळीची चौकशी चालू होती. मेलेला उंदीर धरावा तसे साप्ताहिकाचे तीन अंक दोन बोटांत धरून त्यांनी ते माझ्या मेजावर सोडले.

“वकीलसाहेब, आमच्या घरातली मुलगी सुकाणूवाल्याबरोबर पळाली.”

“केव्हा?” मी दचकून खुर्चीतून उठलो.

“गेल्या शनिवारी. सतराव्या प्रकरणात.”

मी अंक चाळले. लेखकाने घराण्याचे नाव बदलले होते, पण तोफ बदलली नव्हती आणि चिंचही बदलली नव्हती. वाचणाऱ्या कोणालाही ते घर ओळखू यावे. सरदारसाहेब खिडकीबाहेर पाहत हळू आवाजात म्हणाले, “आमच्या वडिलांनी लढाई पाहिली नाही, आम्ही पाहिली नाही. आमच्यापाशी उरलंय ते पूर्वजांचं नाव. तेही असं बाजारात...” माणूस खुर्चीसाठी धडपडत होता हे खरे. पण त्या दिवशी ते माझ्याकडे आले ते खुर्चीसाठी नव्हे, असे मला आजही वाटते.

मी पेटलो. दंडविधानाच्या चारशे नव्व्याण्णवाव्या कलमाने मृतांच्या अब्रूलाही संरक्षण दिले आहे. हयात नातलगांच्या भावना दुखावण्याचा हेतू मात्र दिसला पाहिजे. मी लेखक व संपादक यांना नऊ परिच्छेदांची नोटीस दिली. चौथ्या परिच्छेदाचा मला विशेष अभिमान होता. त्यात मी लिहिले होते की, सदर घराण्यात अशी कोणतीही कन्या कधी जन्मासच आलेली नाही, सबब तिचे पलायन हे निखालस असत्य होय. कारकुनाला हे वाक्य सांगत असता पत्नी चहा घेऊन आली आणि पेला ठेवता ठेवता म्हणाली, “जी जन्मलीच नाही, तिची बेअब्रू कशी हो होते?”

मी तिला सांगितले की हा कायद्याचा प्रश्न आहे.

“असेल,” ती म्हणाली. “पण पुढचा भाग थांबला तर पडवीला उत्तर तुम्ही द्यायचं.”

नोटीस दिल्यावर बाजू पक्की करणे ओघानेच आले. म्हणून मी किहीमला गेलो. समुद्राकडच्या दालनात आम्ही बसलो. चिकाच्या पडद्याआड बाईसाहेब, म्हणजे सरदारसाहेबांच्या पत्नी, बसल्या होत्या. घरात आपल्या म्हणण्याविरुद्ध जाईल असा एखादा कागद, एखादा लेख, एखादी समाधी आहे काय, असे मी विचारले. सरदारसाहेब ठामपणे नाही म्हणाले. मग पडद्याआडून प्रश्न आला, “आणि आत्याबाईंचं पान?”

सरदारसाहेब अस्वस्थ झाले. “तो बायकांचा रिवाज आहे. त्याचं काय एवढं?”

हळूहळू ती हकिगत बाहेर आली. या घरात दर रथसप्तमीला नव्या वालांचे पहिले बिरडे होते. त्या दिवशी घरात कोणी जेवण्यापूर्वी एक केळीचे पान वाढायचे: बिरडे, भात, तांदळाची खीर. ते परातीत ठेवून, वर फडके झाकून, थळच्या कोळीवाड्यात एका ठरलेल्या तांडेलाच्या, म्हणजे होडीच्या म्होरक्याच्या, घरी पाठवायचे. संध्याकाळी तीच परात परत येते, तेव्हा तिच्यात ताज्या पापलेटांची जोडी असते. किती पिढ्या, ते कोणास ठाऊक नाही. घरातले पुरुष म्हणत की हे गलबतांच्या कल्याणासाठी. बायका फक्त एवढेच म्हणत, आत्याबाईंचं पान. कोण आत्याबाई, हे कोणी विचारीत नसे आणि कोणी सांगत नसे.

कुटुंबात चालत आलेला रिवाज हा नात्याचा पुरावा होऊ शकतो. समोरच्या पक्षाने ही परात न्यायालयात आणून ठेवली तर माझा चौथा परिच्छेद तिच्याखाली चिरडून मरेल.

“बाईसाहेब,” मी म्हणालो, “हे पान म्हणजे कबुलीजबाब आहे, आणि आपण तो दर वर्षी नव्याने लिहून देता आहात. निकाल लागेपर्यंत ते जाता कामा नये.”

“वकीलसाहेब, सासूबाईंनी तिजोरीच्या चाव्या मला लग्नानंतर सात वर्षांनी दिल्या. हे पान पहिल्याच माघात दिलं.”

“एका वर्षाचा तर प्रश्न आहे.”

“ती उपाशी राहील.”

“कोण?” मी विचारले.

सरदारसाहेब आपल्या अंगठीकडे पाहत राहिले. मी माझ्या टिपणवहीत लिहिले: पान बंद. आणि त्याखाली रेघ मारली.

पौषाच्या आरंभी कादंबरीकार स्वतःच माझ्या बैठकीत येऊन उभा राहिला. मी एखाद्या उर्मट तरुणाची अपेक्षा केली होती. आला तो धरमतरच्या खाडीकाठच्या मिठागरावरचा एक चाळिशी उलटलेला सरकारी कारकून, दामूअण्णा. मिठाने टाचा फुटलेल्या, कोट सैल, काखेत फडक्यात बांधलेले हस्तलिखित. सरदारांनी वरिष्ठांकडे एक ओळ लिहिली असती तरी त्याची नोकरी गेली असती, आणि ते त्याला माझ्यापेक्षा आधी समजले होते.

“तुला ही गोष्ट कोणी सांगितली?” मी विचारले.

“थळच्या चांगुणाबायनं, साहेब. तांडेलाची आई. मी मासळी घ्यायला गेलो होतो. तिच्या दारात सरदारांकडची परात पाहिली, म्हणून विचारलं. ती म्हणाली, सरदाराची लेक आमच्या घरात नांदली, तिचं माहेरचं जेवण येतंय. एवढंच. बाकीचं मी रचलं. चंद्र, गलबत, पत्रं, सगळं.”

“म्हणजे ऐकीव. पुरावा शून्य.”

“शून्यच,” तो म्हणाला. “पण साहेब, ज्या घरातून लेक पळाली त्या घरातून दर वर्षी जेवण येतं, हे ऐकल्यावर मला झोप लागेना. मी मीठ मोजणारा माणूस. मला दुसरं काही सुचेना, म्हणून लिहायला बसलो.”

त्याच वेळी मी थांबायला हवे होते. मी थांबलो नाही. मी त्याला समोर बसवले आणि कादंबरीचा शेवट कसा झाला पाहिजे हे कलमवार सांगितले. तुफान व्हावे. गलबत फुटावे. रायाजी बुडावा. इंदुमती बापाच्या दुसऱ्या गलबताच्या हाती निष्कलंक सापडावी, आणि घाटावरच्या तोलामोलाच्या सरदारपुत्राशी तिचा यथाविधी विवाह व्हावा.

दामूअण्णा लिहीत होता. मध्येच टाक थांबला.

“साहेब, रायाजीला पोहता येतं. आठव्या प्रकरणात त्यानं खाडी पोहून पार केलीय.”

“तुफान मोठे दाखव.”

त्याने मान खाली घातली आणि तुफान मोठे केले. पत्नी चहा घेऊन आली तेव्हा तो बाहीने डोळे पुसत होता. तिने पेला ठेवला, माझ्याकडे एकदा पाहिले आणि आत गेली.

शेवटचा भाग छापून आला त्या शनिवारी पडवीत कोणी हसले नाही. गोदूताई हुंदके देत होत्या. भिंतीला टेकून बसणारी ती आजारी सून मध्येच उठून गेली. परातीतले वाल तसेच पडून राहिले. संध्याकाळी पत्नी म्हणाली, “हे त्या माणसाचं लिहिणं नव्हे. बुडताना कोणी ‘तथापि’ म्हणतं का हो?” त्यानंतर आठवडाभर आमच्या घरी बिरडे झाले नाही. मला दुध्या वाढला जात होता, रोज, अत्यंत नम्रपणे.

मग रथसप्तमी आली. पहाटे अंगणाअंगणांत गोवऱ्यांवर दुधाची बोळकी उतू गेली होती आणि हवेत जळक्या दुधाचा वास होता. साप्ताहिकात छापायच्या माफीनाम्याचा मसुदा सरदारसाहेबांना दाखवावा म्हणून मी सकाळीच किहीमला गेलो. खरे सांगायचे तर पान जात नाही ना, हेही मला पाहायचे होते. दुपार झाली. स्वयंपाकघरातून बिरड्याचा वास येत होता, नारळाच्या रसाचा आणि कोकमाचा. पण घरात कोणी जेवले नव्हते. सरदारसाहेबांना भूक नव्हती. नोकर दाराशी उगाच घोटाळत होते. मी माफीनाम्यातला ‘बिनशर्त’ हा शब्द समजावून सांगत होतो.

तेवढ्यात बागेच्या फाटकातून एक म्हातारी कोळीण आत आली. थळपासून वाळूतून चालत आली असावी; पायांना गुडघ्यापर्यंत ओली रेती होती. हातात पानांत गुंडाळलेली मासळी. ती थेट ओसरीशी आली आणि धापा टाकत उभी राहिली.

“पान नाय आला,” ती म्हणाली. “दुपार टलली. मना वाटला, घरान कोन आजारी हाय. म्हनून बगाया आले.”

मी माफीनाम्याचा कागद खाली ठेवला.

“कोन बरा नाय? बाईसायब?”

सरदारसाहेब उठून उभे राहिले. “कोणी आजारी नाही, चांगुणाबाय.”

“मंग पान कसा नाय आला?” तिची नजर दालनातून फिरत माझ्या काळ्या कोटावर येऊन थांबली. “आनि यो डाक्तर कशाला आलाय?”

तीस वर्षांच्या वकिलीत मला कोणी निरुत्तर केले नव्हते. न्यायाधीशांनी केले नव्हते, मुंबईहून आलेल्या बॅरिस्टरांनी केले नव्हते. त्या म्हातारीला अपमान सुचलाच नव्हता. इतक्या पिढ्यांत पान कधी चुकले नव्हते. तेव्हा ते चुकले याचा तिच्या लेखी एकच अर्थ होता, की माहेरी दुखणे आहे. आणि दुखणे असेल तर आपण गेले पाहिजे. मी सगळी कलमे मनातल्या मनात चाळून पाहिली. तिला लागू पडेल असे एकही सापडले नाही.

चिकाचा पडदा बाजूला झाला. मी त्या घरी अनेक वर्षे जात होतो, पण बाईसाहेबांचा चेहरा मी त्या दिवशी प्रथम पाहिला. त्या सरळ ओसरीवर आल्या.

“बसा, चांगुणाबाय,” त्या म्हणाल्या. “पान वाढून ठेवलंय. पाठवलं नव्हतं एवढंच.”

म्हातारीने मासळी पुढे केली. सरदारसाहेबांनी हात पुढे नेला, अर्ध्यावर थांबवला आणि माझ्याकडे पाहिले. “वकीलसाहेब?”

“हे आपण घेतलेत,” मी म्हणालो, “तर आपला दावा बुडेल.”

“बुडू दे,” सरदारसाहेब म्हणाले. “आमच्या घराण्यानं याहून मोठी गलबतं बुडवलीयत.” आणि त्यांनी ती जोडी स्वतःच्या दोन्ही हातांत घेतली. त्यांच्या जरीच्या बाहीवरून समुद्राचे पाणी ओघळले.

चांगुणाबाय पाय धुऊन ओसरीवर बसली. बाईसाहेबांनी स्वतः पान आणून तिच्यापुढे ठेवले. म्हातारीने सावकाश, मन लावून, शेवटच्या डाळिंबीपर्यंत जेवण केले. मग पान दुमडीत ती म्हणाली, “बिरड्याला मीठ कमी परलाय गो,” आणि बाईसाहेब इतक्या मोठ्याने हसल्या की तोफेवर बसलेले कावळे उडाले. सगळे घर मग जेवायला बसले. मलाही वाढले. मी जेवलो, आणि जेवून उठल्यावर त्यांच्याच दौत-टाकाने नोटीस मागे घेतल्याचे पत्र लिहिले. दोन ओळी. माझ्या हातून इतके लहान पत्र त्याआधी गेले नव्हते आणि नंतरही गेलेले नाही. माफीनाम्याचा मसुदा मी परत नेला आणि घरी चुलीत घातला.

दुसऱ्या दिवशी मी दामूअण्णाला शोधीत मिठागरावर गेलो. माघातले मिठागर प्रथमच पाहणाऱ्याला वाटावे की दुपारचे ऊनच कोणी फावड्याने ओढून ढीग लावून ठेवले आहे. त्या पांढऱ्या ढिगांमध्ये दामूअण्णा छत्री धरून उभा होता. मी त्याला म्हणालो, शेवट बदल. तुझा होता तो छाप. कोणी काही करणार नाही. मी लिहून देतो.

त्याने छत्री मिटली. मग म्हणाला, “मुंबईच्या एका प्रकाशकाचं पत्र आलंय, साहेब. पुस्तक काढणार म्हणतात. या शेवटासकट. वाचकांची पत्रं आलीयत त्यांना. तुमच्या शेवटाला लोक रडतात. माझ्या शेवटाला कोण रडणार? त्यात नुसतं जेवण होतं.”

“काय होतं त्यात?”

“ती कोळीवाड्यात राहते. जाळी विणायला शिकते, मासळीच्या वासाची तिला सवय होते. बाप तिचं नाव घ्यायला घरात बंदी करतो. पहिल्या माघात आई एक पान वाढते आणि गड्याला म्हणते, घेऊन जा, कुठं ते विचारू नकोस. बाप झोपाळ्यावर बसलेला असतो. त्याला दिसतं. तो समुद्राकडं तोंड फिरवतो, म्हणजे गड्याला जाता यावं. संपलं.”

“ते कागद कुठे आहेत?”

त्याने वाफ्यातल्या साचलेल्या पाण्याकडे बोट दाखवले. नोटीस आली त्या दिवशी त्याने ते त्यात सोडून दिले होते.

पुस्तक निघाले. दामूअण्णाला सुख लाभले असेल तर आनंदच आहे. तो भला माणूस होता आणि आता तो हयात नाही. सरदारसाहेबांना दरबारात खुर्ची मिळाली की नाही, हे मी विचारले नाही व त्यांनी सांगितले नाही. पण दर रथसप्तमीला परात थळला जाते हे मला ठाऊक आहे. वाईट एवढेच की पुस्तकाच्या आवृत्त्या निघतच आहेत. यंदाच्या पौषात तिसरी आली. माझी पुतणी सुटीत आमच्याकडे होती; ती पडवीत बसून शेवटचे प्रकरण वाचीत रडत होती, आणि ज्या वाक्यावर ती रडत होती ते वाक्य मी, एका संतापलेल्या दुपारी, एका घाबरलेल्या माणसाला सांगितलेले होते. न्यायालयात खोटी साक्ष दिली तर शिक्षा आहे. कादंबरीत दिली तर तिसरी आवृत्ती निघते.

मी प्रकाशकाला तीन पत्रे लिहिली. शेवट खोटा आहे, तो लेखकाचा नाही, माझा आहे, तो काढून टाकावा, निदान तळटीप द्यावी, अशी विनंती केली. दुसऱ्या पत्रात मागणी केली. तिसऱ्यात इशारा दिला. उत्तर आले की वाचकांचा आग्रह याच शेवटाचा आहे, आणि कल्पित कथेत खरेखोटे ते काय? मी चौथे पत्र लिहायला बसलो. पत्नी समोर वाल निवडीत होती.

“पत्रं पुरे झाली,” ती म्हणाली. “ज्या मुलीसाठी भांडताय, तिचं नाव तरी माहीत आहे का तुम्हांला?”

माझा टाक थांबला. इंदुमती हे दामूअण्णाने ठेवलेले. आत्याबाई हे नाव नव्हे. सारंग्यांची सगळी वंशावळ मी स्वतःच्या अक्षरात लिहून काढली होती. तिच्यात पुरुष होते, पुरुषांचे पुरुष होते, आणि लेकींची जागा सोडलेलीसुद्धा नव्हती.

म्हणून परवा, रथसप्तमीच्या सकाळी, मी टांगा करून थळला गेलो. बोंबील वाळत घातलेल्या बांबूंच्या ओळींमधून वाट काढीत तांडेलाचे घर विचारीत गेलो. चांगुणाबाय आहे. ऐंशीच्या पुढची असेल, डोळ्यांना फार दिसत नाही. उन्हात पाठ करून बसली होती. मी एका उलट्या टोपलीवर बसलो, कोण ते सांगितले, आणि विचारले, “बाय, सारंग्यांची जी लेक तुमच्या घरात नांदली, तिचं नाव काय होतं?”

“व्हता?” म्हातारी म्हणाली. “हाय ना. आमचे घरान दर पिढीला एक पोरगी त्याच नावाची. नायतर पान खायाचा कोनी?” आणि तिने किनाऱ्याकडे तोंड करून हाक मारली, “गो राजस!”

राजस. किहीमच्या कोणत्याही दप्तरात नसलेले ते सरदारी नाव बोंबलांच्या ओळींवरून वाऱ्याने पुढे नेले. पाण्याच्या कडेला एक पंचविशीची बाई, कासोटा खोचून, एका व्यापाऱ्याशी तावातावाने भांडत होती.

“थांब गो आजी! यो मामा मना आंधली समजतंय. माजे ताज्या मासलीला चार दिसांची म्हनतंय!”

“आगो ये. यो तुजा नाव विचाराया आलाय.”

“कशाला? पोलीस हाय?”

ती आली. मी टोपलीवरून उठून उभा राहिलो. न्यायाधीश आत येत ते वगळता मी आजवर कोणासाठी उभा राहिलेलो नव्हतो. पण जिच्याबद्दल ती जन्मासच आली नाही असे मी सही करून लिहून दिले होते, ती ओले हात पदराला पुसत माझ्यासमोर येऊन थांबली होती आणि मला नखशिखान्त न्याहाळीत होती.

“काय हवा?” ती म्हणाली. “मासली घेनार हायस, का नुसता उनान उबा ऱ्हानार?”